हळदीचे क्रीम कोणत्या फळीवर ठेवायचे?

ब्रँडची ओळख, त्याचा ग्राहकवर्ग आणि बाजारातील त्याचे स्थान हे तीन स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जातात आणि सल्लागारांच्या सादरीकरणातही त्यांची तीन वेगवेगळी पाने असतात. लहान उत्पादकांबरोबर काम करताना माझे मत मात्र असे झाले आहे की हे तिन्ही विषय एकाच प्रश्नाच्या पोटात आहेत. आपली वस्तू दुकानात कोणत्या वस्तूंच्या शेजारी ठेवली जावी, तो प्रश्न हा. त्याचे उत्तर ठरले की आपली तुलना कोणाशी होणार, किंमत किती लावता येणार, वेष्टनावर काय लिहिता येणार, कोणता परवाना लागणार आणि पैसे मोजणारी व्यक्ती घरातली नेमकी कोण असणार, हे सारे बहुतांशी ठरून जाते. बोधचिन्ह आणि रंग यांची चर्चा त्यानंतर करावी.

हे म्हणणे पटवण्यासाठी मी नेहमी विकोचे उदाहरण देते. मराठी घरांना ही कंपनी परिचयाची आहे म्हणून तर देतेच. पण त्याहून मोठे कारण असे की या कंपनीची वस्तू कोणत्या फळीवर बसते, याचा निर्णय शेवटी सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. जाहिरातीतला एक दावा न्यायालयाच्या कसोटीवर इतका दीर्घकाळ घासला गेल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये विको सुरू केली. विदर्भातून मुंबईला येऊन दुकानदारीचा अनुभव घेतलेल्या या गृहस्थांनी परळमधल्या छोट्याशा जागेत आयुर्वेदिक दंतमंजन करायला आरंभ केला आणि सुरुवातीला ते घरोघर जाऊन विकले. त्या काळचे चित्र डोळ्यांसमोर आणले तर या वस्तूची जागा स्पष्ट दिसते. एका बाजूला राखुंडी, कोळशाची पूड, कडुनिंब-बाभळीच्या काड्या आणि बायकांमध्ये रूढ असलेली मिश्री होती; दुसऱ्या बाजूला १९३७ पासून भारतात असलेली आणि शहरी घरांत स्थिरावलेली कोलगेट होती, तिचा पांढरा फेस होता, तिचा परदेशी वास होता. डब्यातली काळी पूडही लोकांच्या सवयीची होती. या दोन टोकांच्या मधोमध असा एक वर्ग तयार होत होता, ज्याला चुलीतल्या राखेने दात घासणे आता बरे वाटत नव्हते, पण ट्यूबमधून काय बाहेर येते याबद्दलही पुरता विश्वास नव्हता. त्याला डबाबंद, स्वच्छ, नाव असलेली आणि तरीही ओळखीच्या झाडपाल्याची वस्तू हवी होती. विकोच्या दंतमंजनाला वज्रदंती हे नाव दिले गेले. वज्रदंती ही वनस्पती म्हणजे आपली पिवळी कोरांटी. दातांच्या दुखण्यावर ती चघळण्याची रीत खेड्यापाड्यांत पूर्वीपासून होती. म्हणजे ग्राहकाला जे आधीच मान्य होते, त्याच्यावर कंपनीने आपले घर बांधले.

ग्राहकवर्ग ठरवणे याचा अर्थ वय, उत्पन्न आणि शहर यांचा तक्ता भरणे असा घेतला जातो. तो तक्ता निरुपयोगी नाही. दुकान निवडताना आणि पुडीचा आकार ठरवताना तो लागतो. परंतु वज्रदंतीचा ग्राहक त्या तक्त्यातून सापडला नसता. एकाच चाळीत, एकाच पगाराच्या दोन बिऱ्हाडांपैकी एक कोलगेट आणणारे आणि दुसरे वज्रदंती आणणारे असू शकत होते, आणि त्यांच्यातला फरक कशावर विश्वास ठेवायचा याचा होता. मला वाटते, ग्राहकाची खरी व्याख्या इथे सुरू होते: त्याला कशाची शंका आहे, आणि ती शंका कोणाच्या शब्दाने फिटते.

हळदीच्या क्रीमची गोष्ट याहून अधिक धाडसाची आहे. १९७१ नंतर व्यवसायाची धुरा गजानन पेंढरकर यांच्याकडे आली. १९७५ मध्ये विको टर्मरिक बाजारात आले. तेव्हा चेहऱ्याचे क्रीम म्हणजे पांढरे, हा समज पक्का होता. मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत जन्मलेले अफगाण स्नो पांढरे, पॉन्ड्स पांढरे, निव्हिया पांढरे. नावातला 'स्नो' हा शब्दच त्या रंगाची ग्वाही देत होता. त्याच सुमाराला हिंदुस्थान लिव्हरचे फेअर अँड लव्हली आले आणि त्याने पांढऱ्या रंगाचे वचन थेट कातडीपर्यंत नेले. अशा बाजारात पिवळे क्रीम आणायचे म्हणजे पहिल्याच क्षणी ग्राहकाच्या मनात भीती उभी करायची, की चेहरा पिवळा पडेल, कपड्यांना डाग लागतील. साधारण सल्लागार म्हणाला असता की हळदीचा अर्क घाला, पण रंग पांढरा ठेवा. रंग पिवळा ठेवला गेला, आणि माझ्या मते संपूर्ण ब्रँडची ओळख त्या एका निर्णयावर उभी आहे. रंग लपवला असता तर ते 'हळद घातलेले आणखी एक क्रीम' झाले असते. रंग तसाच ठेवल्यामुळे ती 'लावायला सोपी केलेली हळद' झाली.

हळदीबद्दल ग्राहकाला काहीही शिकवावे लागले नाही. लग्नात नवरानवरीला हळद लागते, दिवाळीच्या पहाटे उटण्यात ती असते, कापले-खरचटले तर आई स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणून दाबून धरते. एका वस्तूत सौंदर्य, मांगल्य आणि औषध हे तिन्ही अर्थ आपल्याकडे शतकानुशतके एकत्र नांदत आले आहेत. विकोच्या जाहिरातींनी लग्नघर, नटलेली वधू आणि हळदीचा सोहळा पडद्यावर आणला, तेव्हा त्यांनी एक अतिशय बारकाईची गोष्ट केली: क्रीम वापरणारी मुलगी आणि त्याचे पैसे देणारी आई, या दोघींना एकाच चित्रात बसवले. मुलीला ते क्रीम नव्या काळाचे वाटले आणि आईला ते आपल्या ताब्यातले वाटले. वापरणारी व्यक्ती आणि निर्णय घेणारी व्यक्ती वेगळी असते, हे बहुतेक नव्या उत्पादकांच्या लक्षात येत नाही. लहान मुलांचा खाऊ, वृद्धांसाठीचे तेल, विद्यार्थ्यांच्या वह्या, सर्वत्र ही दुहेरी रचना असते आणि दोघांपैकी एकाशीच बोलणारा ब्रँड अर्ध्यावर अडकतो.

चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी, दूरदर्शनवर १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'ये जो है ज़िंदगी' या मालिकेच्या प्रायोजकत्वातून, आणि पुढे भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटमधूनही विकोची धून घराघरांत पोहोचली. त्या धुनेत 'नहीं कॉस्मेटिक' हे शब्द होते. एखाद्या ब्रँडने आपण काय नाही हे इतक्या ठळकपणे, गाण्यात बांधून, वर्षानुवर्षे सांगत राहणे ही साधी बाब नाही. क्रीम विकायचे, ते चेहऱ्याला लावायचे, जाहिरातीत सुंदर मुलगी दाखवायची आणि तरीही सौंदर्यप्रसाधन म्हणवून घ्यायला नकार द्यायचा, या भूमिकेला एक व्यावहारिक पायाही होता. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या दृष्टीने सौंदर्यप्रसाधन आणि आयुर्वेदिक औषध यांच्या करात मोठी तफावत होती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उत्पादन शुल्क विभागाने विकोची उत्पादने प्रसाधने ठरवण्याचा पवित्रा घेतला आणि वाद ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात गेला. तिथे आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्यानंतर १९८५ चा नवा शुल्क कायदा आला, वर्गवारीचे मथळे बदलले आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये विकोची बाजू मान्य केली, तोवर दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

या प्रकारच्या खटल्यांतली न्यायालयीन कसोटी बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. वस्तूतले घटक आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांत आलेले आहेत का, औषध म्हणून तिला परवाना आहे का, हा कसोटीचा एक भाग. दुसरा भाग असा की सामान्य व्यवहारात, रोज ती वस्तू विकत घेणारे आणि विकणारे लोक, तिला काय समजतात. उत्पादकाचा हेतू किंवा वेष्टनावरचे शब्द एवढ्यावर न्यायालय थांबत नाही. दुकानाच्या गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात ती वस्तू कुठल्या कप्प्यात आहे, ते पाहते. बाजारातील स्थानाची याहून नेमकी व्याख्या मला व्यवस्थापनाच्या पुस्तकात मिळालेली नाही.

आणि ही कसोटी प्रत्येकाच्या बाजूने जात नाही. बैद्यनाथचे लाल दंतमंजन हे आयुर्वेदिक औषध आहे की दात घासण्याची नित्याची पूड, हा वाद नागपूरच्या उत्पादन शुल्क आयुक्तालयाकडून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथे नव्वदच्या दशकात आणि पुन्हा २००९ मध्ये निर्णय कंपनीच्या विरोधात गेला. औषध माणूस सहसा वैद्याच्या सांगण्यावरून आणि ठरावीक काळापुरते घेतो, रोज सकाळी उठून सर्व कुटुंब जी पूड वापरते तिला लोक औषध मानत नाहीत, असा त्या विचाराचा गाभा होता. दोन्ही प्रकरणांतले कायद्याचे तपशील आणि आधीच्या निकालांची पार्श्वभूमी सारखी नव्हती, त्यामुळे एकाने जाहिरात चांगली केली म्हणून तो जिंकला, असा सरळ निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. परंतु दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट उमगते: घटक आयुर्वेदातले, ग्रंथाधारही आहे, परवानाही आहे, तरी वस्तूचे नाव आणि तिची रोजची सवय मिळून तिला एखाद्या वर्गात ओढून नेऊ शकतात. 'दंतमंजन' म्हटल्यावर आपल्या मनात सकाळची मोरी येते, वैद्याचा दवाखाना येत नाही.

विकोचा दावा टिकण्यामागे तो सर्वत्र एकसारखा पाळला गेला, हेही एक कारण मला दिसते. क्रीम मलमासारख्या ट्यूबमध्ये आले, शोभिवंत काचेच्या बरणीत नव्हे. लेबलवर औषधी घटकांची यादी आली. अन्न व औषध प्रशासनाचा आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना घेतला गेला आणि त्याबरोबर येणारी तपासणी व कागदपत्रेही पत्करली गेली. जाहिरातीत मुरुम-पुटकुळ्यांसारख्या तक्रारींचा उल्लेख आला. ते क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीविना किराणा दुकानातही मिळत होते. चिठ्ठीविना विकले जाते एवढ्याच कारणाने एखाद्या वस्तूचे औषधपण नाहीसे होत नाही, ही भूमिकाही न्यायालयांनी अशा खटल्यांत मान्य केलेली आहे. जाहिरात एक सांगते, परवाना दुसरे, किंमत तिसरे आणि विक्रेत्याचा प्रतिनिधी चौथेच, अशी स्थिती असलेले ब्रँड मी बरेच पाहते. त्यांची ओळख कोणी हिरावून घेतलेली नसते. ती एका ठिकाणी कधी जमलेलीच नसते.

या भूमिकेची किंमतही मोठी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे उदाहरण पुरे होत नाही. प्रसाधन नाही असे म्हटल्यावर सुगंध, ऋतूप्रमाणे बदलणारे प्रकार, रंगीत बाटल्या, तारकांची नवी नवी चित्रे, या साऱ्या मोहांपासून दूर राहावे लागते, आणि याच गोष्टींवर प्रसाधनांचा बाजार नव्या पिढीला बांधून ठेवतो. पुढे याच हळदीच्या नावाखाली शेव्हिंग क्रीम आणि फेसवॉशही आले. धंद्याच्या दृष्टीने त्यामागची गरज मला समजते, पण रेघ तिथे पुसट झाली असे मला प्रामाणिकपणे वाटते. दाढीचा साबण हा औषधाच्या फळीवर सहजपणे बसत नाही.

त्यातच शेजारही बदलला. एके काळी आयुर्वेदिक टूथपेस्ट हे वेगळेपण होते; आता पतंजलीचे दंतकांती आहे, डाबरची उत्पादने आहेत, आणि ज्या कोलगेटच्या समोर वज्रदंतीने आपली जागा केली त्या कोलगेटनेही २०१६ मध्ये वेदशक्ती आणले. फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला, कारण ज्या वचनावर ती उभी होती ते वचन समाजाला आता पूर्वीसारखे बोलून दाखवता येईना. वस्तू आणि सेवा कर आल्यानंतर दरांची जुनी उतरंड बदलली. २०१७ च्या जुलैमध्ये आयुर्वेदिक औषधांवर १२ टक्के आणि त्वचेच्या प्रसाधनांवर २८ टक्के कर होता, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रसाधनांचा दर १८ टक्क्यांवर आला. तेव्हा तफावत राहिली, पण अरुंद झाली. सर्वजण आयुर्वेदिक झाल्यावर 'आयुर्वेदिक' हा शब्द ओळख पटवण्याच्या कामाचा राहत नाही, तो केवळ प्रवेशाचा परवाना होतो. विकोसमोर आज हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, पुन्हा त्या पिवळ्या रंगातच शोधावे लागेल, कारण ती गोष्ट आजही इतर कोणाची म्हणून ओळखली जात नाही.

ही सारी चर्चा मोठ्या कंपन्यांपुरती आहे, असे कोणी म्हणते तेव्हा मी नाचणी सत्त्वाचा हिशेब मांडते. घरगुती पातळीवर उत्तम नाचणी सत्त्व करणारे एक दांपत्य अलीकडे सल्ल्यासाठी आले होते. ग्राहक कोण, असे विचारल्यावर त्यांनी मनापासून सांगितले की लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांसाठी हे पौष्टिक आहे. ते खरेही आहे. परंतु दुकानात 'सर्वांसाठी' अशी फळी नसते.

बाळाचा पहिला आहार म्हणून ते विकायचे ठरवले, तर आई आणि आजी या ग्राहक होतात, बालरोगतज्ज्ञाचे मत महत्त्वाचे ठरते आणि शेजारी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांचे डबे असतात. त्याबरोबर १९९२ चा शिशुआहारविषयक कायदा लागू होतो, आणि दोन वर्षांखालील मुलांच्या आहाराची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे. गुटगुटीत बाळाचे जे चित्र त्यांनी वेष्टनासाठी आवडीने काढून घेतले होते, ते तर त्या कायद्यात बसणारच नाही. मधुमेहींसाठी म्हणायचे, तर रोगाचा उल्लेख करताच अन्नाच्या लेबलविषयीचे नियम आड येतात आणि ग्राहक वस्तूची तुलना डॉक्टरच्या गोळीशी करू लागतो. सकाळी घाईत कामावर जाणाऱ्या माणसाचा नाश्ता म्हणायचे, तर शेजारी ओट्स आणि कॉर्नफ्लेक्स येतात, पाव किलोच्या पिशवीऐवजी एका वेळेची पुडी लागते, आणि 'गाठी न होता किती मिनिटांत शिजते' हा दावा पौष्टिकतेच्या दाव्यापेक्षा वर लिहावा लागतो. सत्त्व तेच आहे. प्रत्येक वाटेवर त्याची किंमत, पुडी, दुकान, परवाना, वेष्टनावरची पहिली ओळ आणि नकार द्यायचा तो ग्राहक मात्र वेगळा आहे.

त्यांना नकाराचा भाग सर्वांत जड गेला. आपण बनवलेली चांगली वस्तू कोणाला तरी 'तुमच्यासाठी नाही' असे म्हणते, ही भावना कष्टाळू माणसाला पटत नाही, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो तो त्यामुळेच. मी त्यांना एवढेच सुचवले की कोणालाही विकायला नाही म्हणू नका; वेष्टनाने मात्र एकाच माणसाशी बोलावे. आजी नातवासाठी पुडी घेऊन गेली तर आनंदच आहे, पण पुडीवरचे वाक्य घाईत असलेल्या नोकरदाराला उद्देशून लिहिलेले असले पाहिजे.

शेवटी त्यांनी नाश्त्याची वाट निवडली. बाळाचे चित्र काढून टाकले, एका वाटीला पुरेल एवढी पुडी केली, दुधात किंवा ताकात करण्याची कृती मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापली आणि ओळखीच्या किराणा दुकानदाराला विनंती केली की हे पिठांच्या रांगेतून काढून ओट्सच्या बाजूला ठेवा. दुकानदाराने आधी विचारले की नाचणी तिथे कोण शोधणार. नाचणी शोधणारा ग्राहक पिठांकडेच जाईल, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण ही पुडी ज्याच्यासाठी आहे तो नाचणी शोधत नाही, तो सकाळी काय खायचे ते शोधत असतो. आता बोधचिन्हाच्या नमुन्यांकडे पाहायला आम्ही मोकळे आहोत.